पूर्णेच्या नाक्यावरची झडतीवाली

झडती घ्यायच्या आधी आक्का दोन्ही तळहात एकमेकांवर खसाखसा घासायची. थंडीच्या दिवसांत नाक्यावरच्या शेगडीवर धरायची, आधी एका अंगानं, मग दुसऱ्या, भाकरी शेकावी तसे. मग तरटाच्या पडद्याआड जायची.

"थंड हात लागला की मानूस आकसतंय, माय," आत उभ्या असलेल्या बाईला ती सांगायची. "आनि आकसलं की मला उगंच वाटतं, हिच्यापाशी कायतरी हाय."

करोडगिरीचे नाके आता कुणाला आठवत नसतील. निजामाच्या राज्यात बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेणारं जे खातं होतं, ते करोडगिरी. वऱ्हाडातून जिंतूरकडे येणारी गाडीवाट पूर्णा ओलांडायची, तिथून वर चढणाऱ्या उताराच्या मध्यावर आमचा नाका होता, येलदरीच्या वरच्या अंगाला. आज तिथं धरणाचं पाणी आहे. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-चार वर्षं मी तिथं मोहर्रीर, म्हणजे कारकून होतो. नाक्याचे मुख्य म्हणजे आमचे अमीनसाहेब, काही जवान, मी आणि बायांची झडती घ्यायला आक्का.

जिंतूर-सेलू भागातली जुनी माणसं त्या नाक्याचं नाव निघालं की अजून हसून म्हणतात, "तिथली झडतीवालीच चोर निघाली की." माझ्यासमोर म्हणतात आणि मी मान हलवतो. आयुष्यभर हलवली. आता सत्तरी ओलांडली आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला पळवाट राहणार नाही. आक्का चोर नव्हती. अफूवाल्यांना वाट दाखवली ती मी.

तिचं नाव मात्र लिहीत नाही. तिची लेक कुठंतरी नांदते आहे, आणि तिच्या सासरी काय सांगितलेलं आहे ते पुढं येईलच.

आक्का मेंढरं राखणाऱ्या घरातली. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळ मोकळं. नवरा आमच्याच नाक्यावर जवान होता. पटकीत गेला. तेव्हाचे जुने अमीनसाहेब म्हणजे पिकल्या दाढीचा, नमाजी, शांत माणूस. बायांच्या अंगाला जवानानं हात लावायचा नाही हा त्यांचा कडक नेम होता. त्यांनीच वर लिहून आक्काला ही नोकरी दिली. लहान लेकीला दिराकडे, पोखर्णीजवळच्या गावी ठेवून ती नाक्यावर राहायला आली.

तिची झडती एकदा बघायला, म्हणजे ऐकायला हवी होती. पडद्यापलीकडचं सगळं आम्हाला ऐकू यायचं. एकदा वऱ्हाडातली एक देशमुखीण आली. दमणीतून, म्हणजे आपल्या हलक्या बैलगाडीतून, उतरायलाच तयार नाही. शेवटी पडद्याआड गेली आणि कडाडली, "अंगाला हात लावशील तर बघ."

"न्हाई लावत, माय," आक्का म्हणाली. "तूच माझा हात धर. न्यायचा तिथं ने, न्हाई न्यायचा तिथं नेऊ नगंस. म्या डोळे मिटते."

मग आक्काचा आवाज. "समदीकडं नेलास. डाव्या कुशीकडं तेवढा न्हाई नेला."

देशमुखीण हसत सुटली. डाव्या कुशीला चांदीचे वाळे बांधलेले होते. जकात भरली, आणि जाताना दमणीतून हाक मारून आक्काला म्हणाली, "पुढच्या खेपेला तुझ्यासाठी लोणचं आणते गं, मेले." आमचा थोरला जवान म्हणाला, "आक्का, आमी झडती घेतो तर लोक शिव्या देऊन जातात. तुला लोणचं कसं?"

"तुमी हात घालताव. म्या इचारते," आक्का म्हणाली.

लोणचं आलं तेव्हा तिनं घेतलं नाही. नाक्यावर कुणाकडून काही घ्यायचं नाही असा तिचा नेम. त्या बाईला वाईट वाटू नये म्हणून एक फोड जिभेवर ठेवली आणि बरणी परत दिली. घ्यायची ती फक्त वऱ्हाडातल्या बातम्या. कुणाचं लगीन ठरलं, कुणाची म्हैस व्याली, पाऊस कुठवर आला.

एका गोष्टीला मात्र तिची माफी नव्हती. अफू. त्या काळात कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूची बारीक गोळी चारत. लेकरू दिवसभर निजून राही आणि आई सरकी निवडायला मोकळी. आक्काचं पहिलं मूल असंच निजलं ते उठलं नाही. गोळी सासूनं दिली होती, मोहरीपेक्षा थोडी मोठी झाली एवढंच. हे तिनं एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. पण नाक्यावर कुणाच्या कडेवर फार शांत लेकरू दिसलं की ती पुढं व्हायची, त्याची पापणी बोटानं वर करायची आणि आईला विचारायची, "काय चारलंस?" तेव्हा तिचा आवाज ओळखू यायचा नाही.

अफूची दुकानं सरकारी परवान्याची होती. पण चोरटी अफू माळव्यातून वऱ्हाडात, वऱ्हाडातून आमच्या हद्दीत आणि इथून रेल्वेनं खाली कुठल्या कुठं जायची. गोव्याकडे जाते, तिथून जहाजानं दर्यापार, असं बोललं जायचं. हे सगळं चालवणारी साखळी होती. आमच्या बाजूचं तिचं टोक सेलूला होतं. कापसाचा एक मोठा अडत्या. त्याला सगळे शेटजी म्हणत. त्याला मी लांबूनच पाहिलं. माणसांशी बोलायचा तो त्याचा मुनीम. गोरा, हसरा, पानाचा डबा कायम पुढं करणारा.

जुने अमीनसाहेब बदलून गेले आणि नवे आले. हे तरुण, घाबरट आणि सारखे वरचे हुकूम वाचून दाखवणारे. एकदा त्यांनी सगळ्यांना लिंबाखाली बसवून सांगितलं की विलायतेकडे साऱ्या देशांची मोठी सभा भरते, तिथं अफूचा धंदा मोडायचा ठराव झाला आहे, इंग्रज सरकारनं निजाम सरकारला विचारलं आहे, आणि आता चोरटी अफू सापडली नाही तर प्रत्येक नाक्याला जाब द्यावा लागेल.

आक्का हनुवटीला हात लावून ऐकत होती. "साहेब, त्या सभेला बाया आसत्यात का?"

"असतील."

"मंग त्यास्नी इचारा, तिकडं बायांची झडती कोन घेतं. बाप्ये घेत आसतील तर कसली अफू सापडती? बाया बऱ्या बाप्यांना सापडू देतील."

जवान हसले. अमीनसाहेब हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता. वरून ठराव येत होते आणि खालून शेटजीचा मुनीम येत होता. मधे त्यांची खुर्ची होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यावर सगळं फिरलं.

माहेराहून सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरतात, हे तुम्हाला सांगायला नको. खण, तांदूळ, नारळ, हळकुंड. पदरात घेऊन कमरेशी गाठ मारायची. आमच्याकडे ती माहेरची ओटी वाटेत सोडत नाहीत. सासरी पोचल्यावर देवापुढं सोडायची. आणि भरल्या ओटीला विधवेचा हात लागू देत नाहीत. आक्का विधवा. त्यामुळं ओटी भरून आलेली बाई पडद्याआड आली की ती अंबाड्यापासून पायातल्या तोड्यांपर्यंत सगळं बघायची, ओटीला मात्र हात लावायची नाही. "वटी न्हाई बगत मी. माझा हात चांगला न्हाई," असं म्हणून लांबूनच ओटीला नमस्कार करायची. जुन्या अमीनसाहेबांनी विचारलं होतं, तिनं कारण सांगितलं, ते म्हणाले ठीक आहे. कागदावर काही नव्हतं. पण नाक्यावर आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

खालच्या अंगाला आणखी एक नाका होता. तिथल्या मोहर्रीरनं शेटजीची एक गाडी अडवली. सरकीखाली अफू निघाली. त्यानं अडवून ठेवली, सोडली नाही. पुढच्याच आठवड्यात तो विहिरीत सापडला. पाय घसरला असं लिहिलं गेलं. मी त्याला ओळखत होतो. त्याला उत्तम पोहता यायचं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी सुट्टीवर सेलूला घरी आलो होतो. बाजारात मुनीमानं गाठलं. "मुनशी, या की, पान खा," म्हणत जिनिंगच्या आवारात नेलं. भर दुपार होती, यंत्रं धडधडत होती, हवेत कापसाचे तंतू उडत होते. त्यानं मला कापसाच्या ढिगावर बसवलं. मऊ लागलं, आणि बसल्यावर लक्षात आलं की पटकन उठता येणार नाही.

"तुमच्या त्या बाईची लय तारीफ ऐकली," तो म्हणाला. "म्हणतात, तिच्या हातून सुई सुटत नाही. खरं का?"

"खरं आहे."

"शाबास. माणूस असावं तर असं." त्यानं पानाला चुना लावला. "वहिनींना पाण्याची विहीर लांब पडते, नाही? एकट्याच जातात. परवा बघितलं आमच्या माणसानं. म्हणलं, मुनशी नाक्यावर आणि घरी बाई माणूस एकटं. काळजी वाटते."

माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं.

"तिचा हात कुठंच अडत नाही म्हणा की," मुनीम पान माझ्यापुढं धरून म्हणाला. "असं एकही ठिकाण नाही?"

मी पान घेतलं. आणि सांगितलं.

"अरे वा," तो म्हणाला. "धर्म पाळणारी बाई आहे." माझ्या खांद्यावरचा कापसाचा पुंजका त्यानं चिमटीनं उचलला आणि फुंकून टाकला. घरी जायला आपली गाडी दिली. ती गाडी मला सोडूनही दिवस मावळेपर्यंत माझ्या दारासमोर उभी राहिली. गाडीवान बैलांना वैरण घालत बसला होता. बायको म्हणाली, "कोण आहेत हो? पाणी विचारू का?" मी म्हणालो, नको.

मी त्याच्याकडून पैसा घेतला नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. ऐकणारा मीच होतो, म्हणून पटत गेलं.

त्यानंतर नाक्यावर ओट्या यायला लागल्या. आधी एखादी, मग बाजारच्या आदल्या दिवशी तर गाडीमागून गाडी. नवी लुगडी, नव्या बांगड्या, खाली मान घातलेल्या बाया आणि बरोबर कुणीतरी भाऊ म्हणवणारा. आक्का प्रत्येकीला बघायची, ओटीला लांबून हात जोडायची आणि सोडायची.

"मुनशीदादा," ती एकदा खुशीत मला म्हणाली, "यंदा वऱ्हाडात सुगी लय चांगली दिसती. लेकी कशा वट्या भरून यायल्यात बगा. माहेरं सुखात हायेत."

मी खाली बघून टाक पुसत राहिलो. एकदा मनाचा हिय्या करून म्हणालोही, "आक्का, ओट्यासुद्धा एखाद्या वेळी बघायला हव्यात."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी बाप्ये, तुमास्नी न्हाई कळायचं. माझा हात लागला आनि उद्या तिच्या संसारात काय वंगाळ झालं, तर म्या कुनाकडं बगू?" आणि मग हळूच, "कामून? कायी कानावर आलंय का?"

तिनं विचारलं होतं. एवढंच सांगायचं होतं की हो, आलंय. समोर उतारावर एक गाडी चढत होती, तिच्यावर शेटजीचा माणूस बसलेला होता आणि तो आमच्याकडेच बघत होता. मी म्हणालो, "नाही. सहज."

ती हसली. "मंग उगं भेव दाखवू नगा."

थंडी सरत आली तेव्हा मोहतमीमसाहेब तपासणीला आले. म्हणजे खात्याचे जिल्ह्याचे मोठे अधिकारी. लिंबाखाली खुर्ची टाकली होती, चहा चालला होता. अमीनसाहेब उभे. समोर आक्कानं एका गाडीतल्या बायांची झडती उरकली आणि गाडी पुढं निघाली. उतारावरच्या दगडात चाक अडकलं, एक बैल गुडघ्यावर बसला आणि गाडी कलली. कडेला बसलेली पोरगी खाली आपटली. तिच्या ओटीची गाठ सुटली. तांदूळ सांडले, नारळ घरंगळत खाली आला आणि मोहतमीमांच्या खुर्चीच्या अलीकडे दगडावर फुटला.

पाणी निघालं नाही. आत काळा, चिकट गोळा होता. डोळ्याकडून पोखरून भरलेला आणि वरून लाखेनं बुजवून शेंडी चिकटवलेली. त्या अफूचा उग्र, कडवट वास आमच्यापर्यंत आला. गाडीवरचा भाऊ नदीकडे पळाला. त्याला कुणी धरलं नाही. जवानांच्या ते ध्यानातही आलं नाही.

आक्का सगळ्यांत आधी हलली. ती पोरीकडे धावली. "डोईला लागलं का गं?" पोरीच्या कपाळातून रक्त येत होतं. आक्कानं आपल्या पदरानं ते दाबून धरलं. पोरगी म्हणाली, "मला कायी ठाव न्हाई. लुगडं दिलं, मंगळसूत्र घातलं, म्हनले वटी घिऊन गाडीत बस, बोलू नगंस. माझं लगीन बी झालं न्हाई." तिला कुठून तरी विकत आणलेलं होतं, हे पुढं कळलं. ती आक्काच्या लेकीपेक्षा थोडीच मोठी असेल.

मग आक्कानं मान वळवून तो फुटलेला नारळ पाहिला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. इतके दिवस हात जोडून सोडलेल्या सगळ्या ओट्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. ती मटकन खाली बसली.

मोहतमीमांनी चहाचा कप खाली ठेवला. "इसकी तलाशी किसने ली?"

"म्या," आक्का म्हणाली.

"ओटी देखी?"

"न्हाई."

"क्यों?"

तिनं कारण सांगितलं. सरळ, जसं जुन्या अमीनसाहेबांना सांगितलं होतं तसं. मोहतमीमांनी आमच्या अमीनसाहेबांकडे पाहिलं. अमीनसाहेब घाईनं म्हणाले, "हुजूर, मुझे कोई इल्म नहीं. इसने आजतक बताया नहीं."

"समद्यांस्नी ठाव व्हतं," आक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. "येवढूशा नाक्यावर लपून काय ऱ्हातंय?"

मोहतमीमांनी जवानांना एकेकाला विचारलं. अमीनसाहेब बघत होते. थोरल्या जवानानं पागोट्याला हात लावून खाली बघत नाही म्हटलं. बाकीचेही तसंच बोलले. मग माझी पाळी आली.

मला विहिरीतला तो मोहर्रीर दिसत होता. माझी बायको घागर घेऊन जाताना दिसत होती. मी "हो, ठाऊक होतं" म्हटलं असतं तरी आक्का सुटली असती. लपवलेलं नव्हतं एवढं सिद्ध झालं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, बाहेर कुणी सांगितलं.

"जी नहीं," मी म्हणालो. "मालूम नहीं था."

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तेव्हाच तिला सगळं कळलं, का फक्त मी खोटं बोलतो एवढंच कळलं, हे मला पुष्कळ दिवस उमगलं नाही.

तिला अटक झाली. पण खात्याचा नियम असा की कैद्याला पाठवण्याआधी अंगझडती घ्यायची. आणि बाई कैद्याची झडती बाईनंच घ्यायची. नाक्यावर बाई एकच होती. अमीनसाहेब गोंधळले, जवान एकमेकांकडे बघायला लागले. मोहतमीम घड्याळ बघत होते.

"अडून कामून बसलाव?" आक्का म्हणाली. "म्या घेते."

ती तरटाच्या पडद्याआड गेली. एकटीच. आतून तिचा आवाज येत होता. नेहमीसारखाच, हळू. "हात वर कर, माय. आसं. पदर सोड. अंबाडा सोड." आम्ही सगळे बाहेर उभे राहून ऐकत होतो. थोरल्या जवानानं तोंड फिरवलं. ती बाहेर आली तेव्हा केस मोकळे होते. तिनं टेबलावर एक सुपारी, एक सुई, दोऱ्याचं रीळ आणि लेकीच्या पायातून लहान झालेला एक वाळा ठेवला.

"झाली झडती," ती म्हणाली. "कायी न्हाई निगालं. लिवा, मुनशीदादा."

आणि मी लिहिलं.

तिला आणि त्या पोरीला एकाच गाडीतून जिंतूरला नेलं, तिथून परभणीला. उतार चढेपर्यंत पोरगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून होती.

पुढं शिक्षा झाली. अफूची टोळी पकडल्याचा अहवाल वर गेला. आमच्या अमीनसाहेबांची पाठ थोपटली गेली. तो अहवाल हैदराबादेहून इंग्रजांकडे आणि त्यांच्याकडून त्या विलायतेतल्या सभेपुढंही गेला असेल. तिथं कुणीतरी समाधानानं मान हलवली असेल. शेटजीचा माल दुसऱ्या वाटेनं येत राहिला. मुनीम बाजारात भेटला की पानाचा डबा पुढं करायचा, आणि मी पान घ्यायचो.

मी नाका सोडला. सेलूतच एका दुकानात हिशेबाचं काम धरलं. पण भीती सुटली नाही. आधी मुनीमाची होती, नंतर आक्काची वाटायला लागली. तुरुंगात तिनं विचार केला असेल, कुणाला तरी सांगितलं असेल. दारात खाकी कपडा दिसला की मी मागल्या दारानं जायचो. बायको हसायची. "तुम्ही काय खून केलाय का?"

युद्ध संपत आलं होतं, त्या सुमारास एका दुपारी दार वाजलं. मी आतल्या खोलीत होतो. बायकोनं उघडलं. बाहेरचा आवाज मी लगेच ओळखला.

"मुनशीदादा हायेत का?"

बायकोनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही.

"नाहीत हो, बाहेर गेलेत. कोण तुम्ही?"

"नाक्यावर कामाला व्हते. पानी देता का जरासं?"

दाराच्या फटीतून मला तिचा हात दिसत होता. हाडं वर आलेली. ती ओट्यावर बसून पाणी प्याली. मग बायकोला म्हणाली, "त्यास्नी सांगा, म्या कुनाचं नाव घेतलं न्हाई. घ्यायला आले बी न्हाई. येकच काम हाय. माझी पोरगी लग्नाची झाली. अफूवालीची लेक म्हनून स्थळ येईना. दादांनी येकडाव आमच्या गावात यावं आनि चार मान्सांत येवढंच सांगावं, का ह्या बाईनं वटी कामून बगितली न्हाई ते समद्यांस्नी ठाव व्हतं. शिकल्याल्या मान्साचं ऐकत्यात लोक. बाकी कायी बोलू नये त्यांनी. शनवारी म्या पोखर्णीला नरसिंहाच्या पायरीशी बसते. तितं आले तरी चालंल."

ती तेवढंच मागत होती. माझा गुन्हा नको, फक्त माझी साक्ष. म्हणजे तिला सगळं कळलेलं होतं.

ती गेल्यावर बायकोनं विचारलं, "कुणाचं नाव? कसली ओटी?" मी म्हणालो, डोकं फिरलेली बाई आहे. नंतर बायकोनं तो विषय कधीच काढला नाही, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

शनिवार आला की मला घरात बसवत नसे आणि बाहेरही पडवत नसे. शेटजी जिवंत होता, मुनीम होता. मग रझाकारांचे दिवस आले, तेव्हा तर घराबाहेर न पडायला कारणच मिळालं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. शेटजी रातोरात खादी घालायला लागला आणि काही महिन्यांतच मेला. मुनीम गाव सोडून गेला. मग मला घाबरायला कुणी उरलं नाही. तेव्हा मी पोखर्णीला गेलो. शनिवारीच.

पायरीवर गर्दी होती. ती दिसली नाही. कडेला एक म्हातारी झेंडूच्या माळा ओवत बसली होती. तिला मी विचारलं, इथं एक उंच बाई बसायची.

"कोन, ती अफूवाली? बसायची की. दर शनवारी. कोन सायेब यायचाय म्हनायची."

"आता नाही येत?"

"दिरानं पोरीचं लगीन लावलं गेल्या साली, लांब तिकडं. पाहुन्यास्नी सांगितलं, आई मेली म्हनून. वरात हितनंच गेली देवाच्या पाया पडाया. ही पायरीवरच बसल्याली. पोरीनं बगितलं, हिनं बगितलं. कोन कुनाशी बोललं न्हाई." तिनं दोरा दातानं तोडला. "त्यादिशी उठून गेली ती गेलीच. कुठं गेली कुनाला ठाव."

मी तिथंच खाली बसलो. माणसं माझ्या अंगावरून वर जात होती. आणि जे गावात चार माणसांत बोलायचं होतं, ते मी त्या एकट्या म्हातारीशी बोललो.

"तिनं अफू आणली नव्हती. वाट मी दाखवली होती."

म्हातारीचा हात थांबला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, धुतलेला सदरा, टोपी, चष्मा, सगळं. मग तिनं फुलांची टोपली माझ्यापासून बाजूला, आपल्या पलीकडच्या अंगाला ओढून घेतली.